नाईक यशवंत घाडगे

इटलीत रोमच्या आग्नेयेस कॅसिनो येथे राष्ट्रकुलातील सैनिकांची मोठी दफनभूमी आहे. तेथील स्मारकाच्या शिलापटांवर चार हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. इटलीच्या मोहिमेत ज्यांनी देह ठेवला, परंतु ज्यांच्या थडग्याचा ठावठिकाणा लागला नाही, अशा वीरांची ही नावे होत. त्यांतील एक नाव कोकणातले आहे: नाईक यशवंत घाडगे.

यशवंताचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. तेव्हाचा कुलाबा जिल्हा तो आजचा रायगड. डोंगरउताराची थोडकी शेती आणि भाताचे एक पीक एवढ्यावर तेथील कुटुंबांचा निर्वाह होणे कठीण. म्हणून घरचा कर्ता मुलगा एक तर मुंबईच्या गिरणीत जाई, नाही तर पलटणीत. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सर्वांत जुन्या पलटणीची उभारणी १७६८ सालची. ह्या रेजिमेंटचे केंद्र बेळगावास आहे. घाडगे तिच्या तिसऱ्या पलटणीत होता आणि बाविशीतच तो नाईक होऊन एका तुकडीचा नायक झाला होता.

४ जून १९४४ रोजी रोम पडले. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागले, पण प्रत्येक टेकडी लढवीत हटू लागले. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात दहावी भारतीय डिव्हिजन त्यांच्या पाठीवर होती. १० जुलै रोजी मराठ्यांच्या एका कंपनीने शत्रूच्या बळकट ठाण्यावर चाल केली. घाडगेची तुकडी अगदी जवळून होणाऱ्या मशीनगनच्या माऱ्यात सापडली. क्षणार्धात तिच्यातील सर्व जवान ठार किंवा जखमी झाले. उभा राहिला तो एकटा नायक. तो थांबला नाही. धावत जाऊन त्याने हातबॉम्ब फेकला आणि मशीनगन व ती चालविणारा दोन्ही निकामी केले. टॉमीगनने आणखी एकास टिपले. बंदुकीत नवी काडतुसे भरण्यास अवधी नव्हता. तेव्हा तिची नळी हाती धरून त्याने उरलेल्या दोघांना दस्त्याच्या तडाख्यांनी लोळविले. इतक्यात दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत व पाठीत घुसल्या. जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्याने प्राण सोडला.

त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. पदक स्वीकारण्याचे त्याच्या तरुण विधवेच्या नशिबी आले. इटलीच्या मोहिमेत हा मान सहा हिंदी सैनिकांना मिळाला. त्यांपैकी दोघे मराठा रेजिमेंटचे. दुसरे नामदेव जाधव. ते जगले आणि १९८४ साली वारले.

परंतु हे युद्ध कोणाचे होते? १९३९ साली हिंदी जनतेच्या प्रतिनिधींना न विचारताच व्हाइसरॉयने देशाला त्यात ओढले होते. घाडगे इटलीत लढत होता तेव्हा पंडित नेहरू व त्यांचे सहकारी अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. परक्या राजासाठी मेलेला शिपाई आपला म्हणावा की नाही, असा प्रश्न यातून उभा राहतो. त्याचे उत्तर त्या टेकडीवरच शोधले पाहिजे. युद्ध कोणाशी करावयाचे हे ठरविण्याचा अधिकार शिपायाला नसतो. संकट कोसळल्यावर मागे वळायचे की पुढे जायचे, एवढेच त्याच्या हाती उरते. यशवंताचे सर्व सोबती समोर पडले होते. त्याचे पाऊल पुढे पडले ते साम्राज्यासाठी पडले असे कोण म्हणेल?

शिवाय ज्या भूमीवर त्याचे रक्त सांडले ती नाझी फौजांच्या टाचेखाली होती. तिची सुटका करणाऱ्यांत तोही एक होता. त्या भूमीने हे ऋण विसरले नाही. २०२३ च्या जुलैत पेरुजा प्रांतातील मोंतोने गावी त्याच्या नावे स्मारक उभारण्यात आले. ते स्मारक म्हणजे एक छायायंत्र, सूर्याच्या सावलीवरून वेळ दाखविणारे घड्याळ आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, असा त्यावरील लॅटिन वचनाचा आशय. इकडे माणगावात त्याचा पुतळा उभा आहे. ज्याला स्वतःची समाधी लाभली नाही, त्याची आठवण अशी दोन देशांच्या मातीत रुजली आहे.