वगळलेले पत्ते

१९९३च्या डिसेंबरात अमेरिकेत 'अरेबियन नाइट्स' नावाचा पत्त्यांचा एक छोटा संच बाजारात आला. त्यातल्या एका पत्त्याचं नाव 'शहरझाद'. हा पत्ता खेळला की चालू डाव आहे तिथेच थांबवायचा, दोघांनी उरलेल्या पत्त्यांनिशी डावाच्या पोटात दुसरा डाव मांडायचा, आणि त्या आतल्या डावात जो हरेल त्याने मूळ डावात परतल्यावर आपलं निम्मं आयुष्य गमवायचं. गोष्टीत गोष्ट गुंफणाऱ्या राणीला याहून चोख मानवंदना पत्त्यांच्या खेळात देता आली नसती. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९९४ मध्ये, या खेळाच्या स्पर्धांसाठी बंदी असलेल्या पत्त्यांची पहिली यादी निघाली आणि तिच्यात शहरझाद होती. ती फार बलवान होती म्हणून नव्हे. डावात डाव, त्यात आणखी डाव सुरू झाले तर फेरी संपणार कधी? राजाने हजार रात्री ऐकून घेतलं. पंचांना तेवढा वेळ नव्हता.

हा खेळ म्हणजे 'मॅजिक: द गॅदरिंग'. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने तो रचला आणि 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने १९९३ मध्ये तो बाजारात आणला. रमी असो की मेंढीकोट, आपल्याकडे कॅट सगळ्यांचा एकच असतो. पिसून वाटला की नशीब आणि अक्कल यांचं काय ते जमवायचं. मॅजिकमध्ये प्रत्येक खेळाडू स्वतःचा कॅट घरून बांधून आणतो. हजारो वेगवेगळ्या पत्त्यांतून निदान साठ निवडायचे. त्यांत जमिनी असतात, त्यांच्यातून शक्ती मिळते. ती खर्चून प्राणी, मंत्र, हत्यारं खेळायची आणि समोरच्याचं वीस गुणांचं आयुष्य शून्यावर आणायचं. या स्वतः बांधलेल्या कॅटला खेळाडू 'डेक' म्हणतात. डेक बांधणं हा या खेळाचा निम्मा भाग, आणि माझ्या मते जास्त रंजक निम्मा. मी या खेळाकडे वळले ती खेळण्यापेक्षा याद्या वाचण्याच्या नादाने. जुन्या स्पर्धांमधल्या साठ-साठ पत्त्यांच्या याद्या छापलेल्या सापडतात. त्या नीट वाचल्या तर त्या त्या वर्षी लोक कशाला घाबरत होते ते कळतं.

सुरुवातीच्या नियमांत एकाच पत्त्याच्या किती प्रती घ्याव्यात याला मर्यादाच नव्हती. गारफिल्डचा हिशेब असा होता की लोक थोडीच पाकिटं विकत घेतील, त्यामुळे जबरदस्त पत्ते एखाद्या गल्लीत एक-दोनच असतील. दुर्मिळता हाच लगाम. पण लोकांनी पाकिटांवर पाकिटं घेतली, अदलाबदल केली, आणि फुकट शक्ती देणारे 'ब्लॅक लोटस'सारखे पत्ते मूठमूठभर घेऊन लोक खेळायला बसू लागले. लगाम तुटला. मग स्पर्धांपुरता नियम आला: कुठल्याही पत्त्याच्या जास्तीत जास्त चार प्रती, काहींची एकच, आणि काही पूर्ण बाद. डाव जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचा पत्ता कायमचा घेऊन जायचा, अशा जुगारी अटीचे पत्तेही त्याच यादीत बाद झाले.

त्या पहिल्या यादीत ब्लॅक लोटसच्या शेजारी एकच प्रत घेण्याची मर्यादा असलेले 'डिंगस एग' आणि 'ऑर्किश ओरिफ्लॅम' हेही पत्ते होते. आजचा कुठलाही खेळाडू हे वाचून हसतो, कारण दोन्ही अगदी सामान्य पत्ते. मला मात्र ते यादीतले सर्वांत बोलके वाटतात. पत्ता तयार करणाऱ्यालाही त्याचं बळ कळलेलं नव्हतं. ते पत्त्यावर छापलेलं नसतंच. दुसऱ्या पत्त्याशी त्याची गाठ पडते तेव्हा ते जन्माला येतं, आणि या गाठी मारणारे हात कंपनीत मोजके आणि बाहेर लाखो.

१९९८च्या ऑक्टोबरात 'अर्झाज सागा' हा संच आला तेव्हा हे सगळ्या जगाला दिसलं. त्यात 'टोलेरियन अकॅडमी' नावाची जमीन होती. साधी जमीन एक शक्ती देते. ही तुमच्याकडे जितकी यंत्रं तितकी शक्ती द्यायची. स्वस्त यंत्रं खाली टाका, जमिनीतून ढीगभर शक्ती उपसा, हात रिकामा करून नवा हात उचला, जमीन पुन्हा वापरा. नोव्हेंबरात रोमच्या व्यावसायिक स्पर्धेत फिनलंडच्या टोमी होवीने अशाच डेकनिशी अजिंक्यपद मिळवलं. यातली शेवटची खेळी मला विलक्षण वाटते. समोरच्याला मारायचं नाही. पत्ते उचलायला लावणारा मंत्र त्याच्यावरच टाकायचा, इतका मोठा की त्याचा सगळा कॅट उचलून संपतो. उचलायला पत्ता उरला नाही की तो हरतो. दान देऊन मारायचं! त्या दिवसांतला खेळाडूंचा एक विनोद अजून सांगितला जातो: डावाची सुरुवात म्हणजे नाणेफेक, मध्य म्हणजे हातातले पत्ते बदलून घेणं, आणि शेवट म्हणजे पहिली चाल.

डिसेंबरात अकॅडमीवर बंदी जाहीर झाली. पण तिच्या भोवतीची सामग्री शिल्लक होती, आणि डेक बांधणारे पुन्हा कामाला लागले. मार्च १९९९ मध्ये आणखी पत्ते गेले. त्यातला 'मेमरी जार' तर बाजारात येऊन जेमतेम महिना झाला होता. तो दोघांनाही सात नवे पत्ते द्यायचा आणि चालीच्या शेवटी टाकायला लावायचा. 'मेग्रिम' नावाचा जुना, दुर्लक्षित पत्ता टाकलेल्या प्रत्येक पत्त्यामागे समोरच्याचं आयुष्य कापायचा. दोन निरुपद्रवी वाक्यं शेजारी ठेवली आणि त्यांचा अर्थ भयंकर झाला. ही जोडी स्पर्धेत उतरवणाऱ्यांपैकी रँडी ब्यूलर या खेळाडूला कंपनीने त्याच वर्षी नोकरीवर घेतलं. शिकाऱ्यालाच वनरक्षक नेमण्याचा हा शहाणपणा पुढे कंपनीने पुन्हा पुन्हा केला.

पण बंदीचं खरं काम कळायला २००४-०५ मधली एक गोष्ट सावकाश सांगायला हवी. फेब्रुवारी २००४ मध्ये 'स्कलक्लॅम्प' नावाचं एक हत्यार आलं. एक शक्ती देऊन ते खेळायचं, एक देऊन कुठल्याही प्राण्याला चढवायचं. प्राण्याचा मारा एकाने वाढतो आणि तग एकाने घटते. तो मेला की तुम्ही दोन पत्ते उचलायचे. रचनेच्या शेवटच्या टप्प्यात कुणीतरी अधिक एकचं उणे एक केलं होतं. आता एक तग असलेल्या किरकोळ प्राण्याला ते चढवलं की तो तत्काळ मरतो. म्हणजे एका शक्तीत दोन पत्ते, हवे तितक्या वेळा. उणेचं एक चिन्ह. छापखान्याशी संबंध आलेल्या कुणाच्याही अंगावर काटा यावा अशी ही जागा आहे.

काही आठवड्यांत सगळे डेक दोन जातींचे झाले: स्कलक्लॅम्प असलेले, आणि स्कलक्लॅम्पला हरवण्यासाठीच बांधलेले. जूनमध्ये त्यावर बंदी आली. त्याचा सर्वांत जास्त फायदा घेणाऱ्यांत 'अ‍ॅफिनिटी' हा यंत्रांचा डेक होता. त्याची मेख अशी की तुमच्याकडे जितकी यंत्रं तितका पुढचा पत्ता स्वस्त. आणि त्याच्या जमिनीही यंत्रांत मोजल्या जायच्या. सात शक्तींचा राक्षस फुकट पडायचा. बंदीने हा डेक मोडेल असं वाटलं होतं. पण त्याच महिन्यात नव्या संचातून 'क्रेनियल प्लेटिंग' हे दुसरं हत्यार आलं आणि रिकाम्या झालेल्या चार जागांवर बसलं. एक पत्ता काढल्याने डेक मेला नाही, त्याने नुसती कूस बदलली.

आता इतरांच्या याद्या बघा. सगळ्यांनीच आपल्या साठांत यंत्रं फोडणारे पत्ते भरलेले. एरवी असे पत्ते राखीव पंधरांत असतात, गरज पडली तर दोन डावांच्या मध्ये बदलायचे. इथे ते मुख्य डेकमध्ये पहिल्यापासून चार-चार, कधी आठ-आठ. या याद्या वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं की प्रत्येक डेकमध्ये दुसऱ्या कुणाचा तरी डेक लिहिलेला असतो. साठांतले पंचेचाळीस पत्ते माझे, आणि पंधरा जागा त्या माणसाच्या, ज्याच्याशी कदाचित माझी गाठही पडणार नाही. लोक जंगलाचा डेक बांधत होते, समुद्राचा डेक बांधत होते, पण बांधत होते खरं तर अ‍ॅफिनिटीच, उलट बाजूने.

मार्च २००५ मध्ये कंपनीने एका फटक्यात आठ पत्ते बाद केले: यंत्रं खाऊन फुगणारा 'आर्कबाउंड रॅव्हेजर', मरणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे समोरच्याचं आयुष्य कापणारा 'डिसायपल ऑफ द व्हॉल्ट', आणि सहा जमिनी. जमिनींवर बंदी ही गोष्ट बघण्यासारखी आहे; त्या स्वतः काहीच करत नाहीत, फक्त असतात. म्हणजे या वेळी विटा नव्हे, खालची माती काढून घेतली. लोक स्पर्धांना येईनासे झाले होते, हे कंपनीने तेव्हा उघडपणे मान्य केलं. बंदी लागू झाली त्या दिवशी अ‍ॅफिनिटी तर संपलाच, पण दुसऱ्या प्रत्येक डेकमधले यंत्रं फोडणारे पत्तेही बेकार झाले. बंदी आठ पत्त्यांवर होती. रिकाम्या झालेल्या जागांची गणती कोण करणार?

'बंदी' हा शब्द साहित्याच्या नियतकालिकात लिहिताना हात जरा अडखळतो. पुस्तकावर बंदी येते तेव्हा ते जप्त होतं. पत्ता कुणी जप्त करत नाही. तो तुमच्या खोक्यात राहतो, घरी मित्राबरोबर खुशाल खेळा. पण त्यासाठी मोजलेले पैसे? २०११च्या उन्हाळ्यात 'जेस, द माइंड स्कल्प्टर' या पत्त्याची एक प्रत शंभर डॉलरच्या आसपास विकली जात होती, आणि डेकला लागायच्या चार. जूनमध्ये त्याच्यावर आणि 'स्टोनफोर्ज मिस्टिक'वर मुख्य स्पर्धाप्रकारात बंदी जाहीर झाली. इथे एक पेच होता. कंपनीने नुकताच नवशिक्यांसाठी एक तयार डेक विकायला काढला होता, त्यात स्टोनफोर्जच्या दोन प्रती होत्या. खोकं आणून थेट स्पर्धेला बसा, असं सांगून विकलेली वस्तू बेकायदा कशी ठरवणार? मग तोडगा निघाला: तो डेक जसा खोक्यातून निघाला तसाच, एकही पत्ता न बदलता आणलात, तर त्यातल्या दोन स्टोनफोर्ज चालतील. एक जरी पत्ता बदलला तरी बंदी लागू. डेक बांधण्याच्या खेळात पत्ता वापरण्याची परवानगी फक्त न बांधणाऱ्याला! बंदीच्या इतिहासातलं याहून विनोदी कलम माझ्या वाचनात नाही.

संगणकावरच्या पत्त्यांच्या खेळांना हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवता येतो: पत्त्यावरचा आकडाच बदलायचा. रात्रीत चारचे पाच होतात. कागदावर छापलेलं मात्र मागे घेता येत नाही, म्हणून तिथे पूर्ण बंदी हेच हत्यार उरतं. आणि त्याचा वेग वाढतच गेलाय. एप्रिल २०१७ मध्ये कंपनीने 'काही बदल नाही' असं जाहीर केलं आणि दोनच दिवसांत 'फेलिडार गार्डियन' बाद केला. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेला 'ओको' नोव्हेंबरात मुख्य स्पर्धाप्रकारातून गेला.

राहता राहिला 'स्प्लिंटर ट्विन', ज्याच्याबद्दल खेळाडू अजून तावातावाने भांडतात. हा मंत्र प्राण्यावर बसवला की तो प्राणी स्वतःच्या प्रती काढतो. 'डिसीव्हर एक्झार्क' हा प्राणी आला की एखादी झोपलेली वस्तू जागी करतो. दोन्ही एकत्र आले की प्रत मूळ प्राण्याला जागी करते, तो पुन्हा प्रत काढतो, आणि हे संपतच नाही. एक्झार्क समोरच्याच्या चालीतही गुपचूप टाकता येतो. त्यामुळे तुम्ही तिसऱ्या चालीला जमिनी मोकळ्या ठेवून नुसते स्वस्थ बसलात तरी समोरचा गारठायचा. आपली शक्ती खर्च करावी की राखून ठेवावी? एक्झार्कची तग चार. तीनचा घाव घालणारी 'लाइटनिंग बोल्ट' ही सर्वांची आवडती वीज त्याला पुरत नसे. म्हणून महागडे, मोठे घाव घालणारे पत्ते सगळ्यांच्या डेकमध्ये. पुन्हा तेच: दुसऱ्याच्या भीतीने भरलेल्या जागा.

जानेवारी २०१६ मध्ये ट्विनवर बंदी आली. तो विविधता मारतो, असं कारण दिलं गेलं. पुढच्याच महिन्यात अटलांटाला व्यावसायिक स्पर्धा होती; ती ताजी दिसावी म्हणून हा बळी दिला, असं अनेक खेळाडूंना वाटलं. त्या स्पर्धेत अंतिम आठपैकी सहा डेक एकाच जातीचे निघाले, 'एल्ड्राझी' नावाच्या राक्षसांचे. त्यांना स्वस्तात उतरवणारी 'आय ऑफ उगिन' ही जमीन सहा वर्षं जुनी होती, योगायोगाने जेस आणि स्टोनफोर्ज ज्या संचातले त्याच संचातली. सारा दोष ट्विनच्या जाण्याला देता येणार नाही, कारण नवे राक्षस नुकतेच छापले होते. पण चौकातला पोलीस हलवल्यावर लगेच गर्दी झाली तर लोक बोलणारच. एप्रिलमध्ये आय ऑफ उगिनही बाद झाली.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्विनवरची बंदी उठली, जवळजवळ नऊ वर्षांनी. लोकांनी २०१५च्या याद्या बाहेर काढल्या, तेच साठ पत्ते तसेच मांडून पाहिले. एक्झार्क तसाच होता, त्याची तगही चारच. पण दरम्यान या स्पर्धाप्रकारात फुकटात खेळता येणारे मंत्र आले होते, एका शक्तीत कितीही तगीचा प्राणी नाहीसा करणारे मंत्र आले होते, आणि तिसऱ्या चालीपर्यंत डावाचा कल बऱ्याचदा ठरून गेलेला असायचा. ट्विनवाला पूर्वीसारख्या जमिनी मोकळ्या ठेवून स्वस्थ बसायचा, आणि समोरचा खुशाल आपली सगळी शक्ती खर्च करायचा.