मृदा सुपीकता नकाशांकन

शेतजमिनीत पिकाला घेता येतील अशी अन्नद्रव्ये किती आहेत हे मोजून, त्यांची कमतरता वा मुबलकता जागेनुसार नकाशावर दाखवण्याची पद्धत. मातीतला एकूण साठा येथे फारसा उपयोगी नसतो. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत स्फुरद लोह व ॲल्युमिनियमशी बांधले जाते. दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही आणि भुईमूग-उसाची कोवळी पाने पिवळी पडून ‘केवडा’ दिसतो.

नकाशाचा कस नमुन्यावर ठरतो, आणि निष्काळजीपणाही तेथेच सर्वाधिक होतो. पीक काढल्यावर, खत घालण्यापूर्वी शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे सुमारे 15 सेंमी. खोल खड्डे घेतात. आतली सैल माती काढून टाकायची आणि खड्ड्याच्या कडेची वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून घमेल्यात घ्यायची. बांध, उकिरडा, झाडाची सावली, विहिरीचा काठ व पाणथळ जागा टाळायच्या. सगळी माती मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असतील तर गंजके खुरपे व जस्ताचे घमेले चालत नाही. खताच्या रिकाम्या पिशवीत भरलेला नमुना तर वायाच गेला. फळबागेसाठी खोलीनुसार थरांचे वेगळे नमुने लागतात.

प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब वॉकली-ब्लॅक पद्धतीने (1934) काढतात. स्फुरदासाठी उदासीन व विम्ल जमिनीत ओल्सेन, तर आम्ल जमिनीत ब्रे पद्धत वापरतात. निवड चुकली की आकडाच फसवा येतो. हेक्टरी 280 किग्रॅ.पेक्षा कमी उपलब्ध नत्र ‘कमी’ मानतात. जस्ताची सर्वसाधारण मर्यादा किलोमागे 0.6 मिग्रॅ. आहे.

गावाचा एकत्रित अंदाज अन्नद्रव्य निर्देशांकाने देतात : कमी नमुन्यांना 1, मध्यमला 2, भरपूरला 3 गुण देऊन सरासरी. 1.67 च्या खाली कमी, 2.33 च्या वर भरपूर. समजा, 20 नमुन्यांपैकी 12 कमी, 6 मध्यम, 2 भरपूर निघाले, तर निर्देशांक 1.5, म्हणजे गाव ‘कमी’. ज्या दोन शेतांना ते खत नको होते ती मात्र सरासरीत दिसेनाशी होतात. ही उणीव नकाशा भरून काढतो. जीपीएसने नोंदलेल्या बिंदूंमधल्या जागांचे अंदाज ‘क्रिगिंग’ या गणिताने बांधतात. दक्षिण आफ्रिकेतील खाण अभियंते डॅनी क्रिग यांनी सोन्याच्या साठ्यांचे अंदाज बांधताना केलेल्या कामावरून हे नाव पडले.

भारतात मृदा आरोग्य पत्रिका योजना 19 फेब्रुवारी 2015 रोजी राजस्थानातील सूरतगड येथे सुरू झाली. तीत 12 घटक तपासतात. नमुन्यासाठी बागायतीत 2.5, तर जिरायतीत 10 हेक्टरांचा चौकोन धरला गेला. दख्खनच्या उताराला हा जिरायती चौकोन फार मोठा आहे. तेथे टेकाडावरचा उथळ मुरूम आणि ओढ्याकाठची खोल काळी जमीन काही शे मीटरांत भेटतात, आणि दोन्हींना एकच खतमात्रा सांगणे म्हणजे एकीवर तरी अन्याय. देशाच्या मृदा नकाशांचे काम पाहणारी राष्ट्रीय संस्था नागपुरात आहे.

सामू वर्षानुवर्षे फारसा हलत नाही, त्यामुळे त्याचा नकाशा पुष्कळ काळ वापरता येतो. पालाशही सावकाश बदलते. नत्र मात्र पाऊस, पीक व खताबरोबर हंगामागणिक पालटते. त्याची मोजणी पुन्हा करावीच लागते.