वाटेवरचा संसार

‘प्रवास’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की, त्याच्या पोटात काय दडले आहे इकडे आपले लक्षच जात नाही. आजच्या व्यवहारात प्रवास म्हणजे एका गावाहून निघून दुसऱ्या गावी पोचणे. मधला काळ हा केवळ सोसावयाचा. तो जितका कमी होईल तितके बरे. परंतु ह्या शब्दाचा धातु पाहिला तर तो जाण्याचा नसून राहण्याचा आहे. ‘वस्’ म्हणजे राहणे. त्यास ‘प्र’ हा उपसर्ग लागून प्रवास झाला. स्वगृह सोडून दूर वस्ती करणे हा त्याचा मूळ अर्थ. ज्या काळी बैलगाडी, घोडे आणि स्वतःचे पाय हीच साधने होती, त्या काळी हा अर्थ अक्षरशः खरा होता. माणूस वाटेवर दिवसचे दिवस राहत असे. तेथेच चूल पेटे, तेथेच ओळखी होत, प्रसंगी जन्म आणि मरणेही तेथेच होत. इ. स. १८५३ मध्ये मुंबई-ठाण्याच्या दरम्यान आगगाडी धावली, पुढे मोटारी आल्या, विमाने आली. आणि प्रवासातून वास हळूहळू नाहीसा होऊन केवळ वेग शिल्लक राहिला.

हा गेलेला वास पुन्हा प्रवासात आणण्याचा एक विलक्षण प्रयत्न इ. स. १९८२ मध्ये फ्रान्स देशात एका जोडप्याने केला. एका जुन्या घरगाडीत राहून त्यांनी पॅरिस ते मार्सेय हा मार्ग आक्रमिला. प्रथमदर्शनी तो थट्टेचा विषय वाटतो. किंबहुना थट्टा हे त्याचे एक अंग होतेच. तथापि त्या थट्टेच्या तळाशी काय होते हे पाहिल्यावर त्यास केवळ विक्षिप्तपणा म्हणून बाजूस सारणे कठीण जाते.

ह्या जोडप्यातील पुरुष म्हणजे सुप्रसिद्ध आर्जेंटिनी कथाकार हुलिओ कोर्तासार. त्यांचा जन्म इ. स. १९१४ मध्ये ब्रसेल्स येथे झाला, बालपण व तारुण्य आर्जेंटिनात गेले आणि इ. स. १९५१ पासून त्यांनी पॅरिस हेच आपले वसतिस्थान केले. तेथे युनेस्को संस्थेसाठी भाषांतरे करावयाची आणि उरलेल्या वेळात कथा-कादंबऱ्या लिहावयाच्या असा त्यांचा क्रम होता. इ. स. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रायुएला’ ह्या कादंबरीने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. भारताशीही त्यांचा संबंध आला होता. सवाई जयसिंहाच्या जयपूर व दिल्ली येथील वेधशाळा पाहून त्यांनी त्यांची छायाचित्रे घेतली आणि त्या दर्शनातून स्फुरलेले एक पुस्तक इ. स. १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. कॅरोल डनलॉप ह्या त्यांच्या पत्नी मूळच्या अमेरिकेच्या, पुढे कॅनडात स्थायिक झालेल्या. त्या स्वतः लेखिका, अनुवादिका व छायाचित्रकार होत्या. इ. स. १९७७ मध्ये कॅनडात उभयतांची गाठ पडली आणि पुढे त्यांनी पॅरिसमध्ये संसार मांडला. दोघांच्या वयात बत्तीस वर्षांचे अंतर होते.

त्यांचे तिसरे सोबती म्हणजे त्यांची तांबडी फोक्सवागेन गाडी. ह्या जातीच्या गाडीचाही इतिहास मनोरंजक आहे. बेन पोन नावाच्या एका डच व्यापाऱ्याने इ. स. १९४७ मध्ये आपल्या टाचणवहीत एका पेटीवजा गाडीचे ओबडधोबड चित्र काढले. मागे यंत्र, पुढे सारथी आणि मध्ये माल, एवढीच ती कल्पना. इ. स. १९५० मध्ये जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग येथे तिचे उत्पादन सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया ह्या कारखान्याने तिच्या पोटात बिछाना, कपाट व स्वयंपाकाची सोय बसविण्यास प्रारंभ केला. माल वाहण्यासाठी जन्मलेली गाडी अशा रीतीने संसार वाहू लागली. इ. स. १९६० नंतरच्या दशकात युरोपातील कितीतरी तरुण-तरुणी अशाच गाड्यांतून इस्तंबूल, तेहरान, काबूल ह्या मार्गाने हिंदुस्थानात आणि गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोचली. इ. स. १९७९ मधील इराणची राज्यक्रांती व अफगाणिस्तानातील युद्ध ह्यांमुळे ती वाट बंद पडली. ह्या सर्वांनी घरगाडीचा उपयोग दूर जाण्यासाठी केला. कोर्तासार दांपत्याने तो केला जवळच्याच ठिकाणी उशिरा पोचण्यासाठी! आपल्या गाडीला त्यांनी फाफ्नर हे नाव दिले होते. वाग्नरच्या संगीत-नाट्यात एक निधिरक्षक महासर्प आहे. त्याचे हे नाव.

पॅरिसहून मार्सेयला जाणारा महामार्ग इ. स. १९७० मध्ये अखंड जोडला गेला. अंतर सुमारे पावणेआठशे किलोमीटर. साधारण मोटारवाला ते एका दिवसात काटतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांस ह्या मार्गाची कल्पना सहज येईल. नाक्यावर आत शिरावयाचे, ठरलेल्या जागीच बाहेर पडावयाचे आणि मध्ये विनाकारण थांबावयाचे नाही. प्रवाशांच्या सोयीसाठी दर काही किलोमीटरांवर विश्रांतिस्थळे केलेली असतात. कोठे नुसती झाडांची सावली, बाके आणि शौचकूप. कोठे तेल भरण्याची सोय, उपाहारगृह व दुकान. मोटारवाला तेथे दहा मिनिटे थांबतो आणि त्या जागेचे नावही न वाचता निघून जातो.

कोर्तासार ह्यांचे दक्षिण फ्रान्समध्ये सेन्यों ह्या खेड्यात उन्हाळ्याचे घर असल्यामुळे हा रस्ता त्यांच्या पायांखालचा होता. नेमका ह्याच परिचित मार्गाचा ‘शोध’ लावावयाचा असे ह्या दोघांनी ठरविले आणि मोहिमेचे नियम घालून घेतले. पॅरिसपासून मार्सेयपर्यंत महामार्ग एकदाही सोडावयाचा नाही. वाटेतील प्रत्येक विश्रांतिस्थळी थांबावयाचे. दिवसाला दोन स्थळे, आणि रात्र दुसऱ्या स्थळी काढावयाची. प्रत्येक स्थळाची शास्त्रीय पद्धतीने पाहणी करून नोंदी ठेवावयाच्या. आणि शेवटी, जुन्या दर्यावर्दी संशोधकांच्या धर्तीवर ह्या प्रवासाचा ग्रंथ सिद्ध करावयाचा. आपल्या वारीच्या भाषेत सांगावयाचे तर रोज एक विसावा आणि एक मुक्काम!

मार्गावर इतके दिवस राहणे नियमांत बसत नव्हते. म्हणून त्यांनी महामार्गाच्या चालकांस रीतसर पत्र लिहून परवानगी मागितली. उत्तर येईना, तेव्हा परवानगीवाचूनच निघावयाचे ठरले, आणि रविवार, ता. २३ मे १९८२ रोजी दुपारी फाफ्नर पॅरिसबाहेर पडला. ता. २३ जूनला तो मार्सेयला पोचला. एका महिन्यात पासष्टांच्या आसपास विश्रांतिस्थळे झाली. हिशेब केला तर रोजची सरासरी मजल पंचवीस किलोमीटरही भरत नाही. धट्टाकट्टा पादचारी एवढी वाट सहज चालतो.

ह्या महिन्याभरात त्यांनी केले काय? त्यांनी संसार केला. सकाळी न्याहारी, मग थोडे अंतर कापून नवे स्थळ; तेथे सावली शोधून घडीच्या खुर्च्या मांडावयाच्या, टंकलेखनयंत्र टेबलावर ठेवावयाचे आणि लिहीत बसावयाचे. रोजनिशीत तापमान, जेवणातील पदार्थ, गाडीचे तोंड कोणत्या दिशेस आहे, असल्या नोंदी मोठ्या गांभीर्याने केलेल्या आढळतात. मधून मधून स्नेही मंडळी ठरल्या ठिकाणी ताजी फळे व शिधा आणून देत; जणू बर्फात अडकलेल्या ध्रुवसंशोधकांना मदतच पोचते आहे! आरंभी जी जागा म्हणजे डांबर, कचऱ्याचे डबे आणि मालमोटारींचा घरघराट एवढीच भासे, तीच दोन-चार तासांनी आपले झाड, आपला पक्षी, आपली मुंग्यांची रांग दाखवू लागे. सुटीसाठी दक्षिणेकडे लोटणारी कुटुंबे, झोपाळू मालमोटारवाले, दूर देशांहून मजुरीस आलेली माणसे, हे सारे येत, घटकाभर बसत आणि जात. ही दोघेच तेथे ‘राहत’ असत.

येथे कोर्तासार ह्यांच्या एका जुन्या कथेचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ‘दक्षिणेचा महामार्ग’ ह्या अर्थाच्या नावाची त्यांची कथा इ. स. १९६६ मधील संग्रहात आहे. रविवारी संध्याकाळी पॅरिसकडे परतणाऱ्या मोटारी एकमेकींत अडकतात, आणि ती कोंडी तासांवरून दिवसांवर व दिवसांवरून ऋतूंवर जाते. माणसे परस्परांस मोटारींच्या नावांनीच ओळखू लागतात. पाणी व अन्न वाटून घेतले जाते, आजाऱ्यांची शुश्रूषा होते, कोणी मरते, कोणाचे प्रेम जुळते. थोडक्यात, एक गाव वसते. मग एके दिवशी रांग अकस्मात हलते, वेग वाढत जातो, आणि कालपर्यंत एकत्र जेवणारी माणसे एकमेकांस कायमची अंतरतात. वाहतूक सुरू होणे हीच त्या कथेतील खरी दुर्घटना आहे. सोळा वर्षांनंतर त्याच रस्त्यावर लेखकाने जे केले त्याचे बीज येथे दिसते. कथेतील माणसांवर थांबणे लादले गेले होते. ह्या दोघांनी ते आपखुशीने पत्करले.

ह्यावर कोणी असा आक्षेप घेईल की, हा सुखवस्तू लेखकांचा खेळ झाला. ज्यात संकट नाही, अज्ञात प्रदेश नाही, त्यास मोहीम कशी म्हणावी? खेळ तर तो होताच. परंतु संकट नव्हते असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. ह्या प्रवासाची कल्पना काही वर्षे जुनी होती आणि ती वारंवार लांबणीवर पडली होती. इ. स. १९८१ च्या ऑगस्टमध्ये जठरातील रक्तस्रावाने कोर्तासार मृत्यूच्या दारी जाऊन परतले होते. निघाले तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. कॅरोलबाई अवघ्या छत्तीस वर्षांच्या. परंतु त्यांचीही प्रकृती धड नव्हती. ज्यांच्यापाशी काळ थोडा उरला आहे त्यांनी घाई करावी, उरलीसुरली कामे उरकावी, असे व्यवहार सांगतो. ह्या दोघांनी नेमके उलट केले. काळ वाचविण्यासाठी बांधलेल्या रस्त्यावर त्यांनी आपल्यापाशी असलेला काळ मुक्तहस्ताने खर्च केला. एका दिवसाच्या वाटेतून त्यांनी एक महिना काढला; कृपण जे साठवून मिळवू शकत नाही ते त्यांनी उधळून मिळविले.

मार्सेय आले तेव्हा विजयाचा आनंद होण्याऐवजी त्यांस खिन्नताच वाटली, आणि हे स्वाभाविकच होते. पोचण्यासाठी निघालेल्यास पोचणे सुखाचे. राहण्यासाठी निघालेल्यास तेच घर मोडणे होय.

त्यानंतर ती दोघे निकाराग्वा देशात गेली. तेथे कॅरोलबाईंचे दुखणे बळावले, त्यांना पॅरिसला परत आणावे लागले, आणि ता. २ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांचे देहावसान झाले. मार्सेयला पोचून पुरते पाच महिनेही झाले नव्हते. दोघांनी मिळून आरंभिलेला ग्रंथ पुरा करण्याचे काम एकट्या कोर्तासार ह्यांच्यावर पडले. विनोदाने भरलेल्या त्या पुस्तकाच्या अखेरीस त्यांनी वाचकास उद्देशून ही वार्ता सांगितली आहे. तो ग्रंथ इ. स. १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांचे लेखन, छायाचित्रे आणि कॅरोलबाईंच्या पहिल्या विवाहाच्या मुलाने काढलेली रेखाचित्रे त्यात एकत्र आली आहेत. त्याचे उत्पन्न लेखकाने निकाराग्वाच्या जनतेस अर्पण केले. ता. १२ फेब्रुवारी १९८४ रोजी कोर्तासारही गेले, आणि पॅरिसमधील मोंपार्नास स्मशानभूमीत पत्नीच्याच थडग्यात त्यांस चिरविश्रांती मिळाली.

भूगोलाच्या दृष्टीने ह्या मोहिमेने काहीही शोधून काढले नाही. नकाशावर एक ठिपका वाढला नाही, की एखाद्या नदीचा उगम सापडला नाही. परंतु माणसाचे आयुष्यही एका अर्थाने असाच महामार्ग आहे. पुढच्या नाक्याकडे डोळे लावून आपण धावत असतो, आणि मधल्या स्थळांची नावे वाचावयासही थांबत नाही. त्या स्थळी चूल मांडता येते, शेजार जोडता येतो, दोन माणसांचे सुख तेथेही मावते, एवढे ह्या दांपत्याने एका जुन्या गाडीच्या साहाय्याने सिद्ध करून दाखविले. जो महिना इतरांच्या हिशेबी वाया गेला असता, तोच त्यांच्या सहवासातील शेवटचा भरला महिना ठरला. आपल्या पूर्वजांनी ‘प्रवास’ हा शब्द घडविताना राहण्याचा धातु का निवडला असावा, ह्याचे उत्तर त्या पासष्ट विश्रांतिस्थळांपैकी कोणत्याही एका बाकावर बसून मिळण्यासारखे आहे.