धोट्याचे छिद्र : वायुदाब, कापडगिरणी आणि अस्पृश्यता

मुंबईच्या गिरणगावात विणाई विभागाला साचेखाते म्हणत आणि तेथे माग चालवणाऱ्या कामगाराला साचेवाला. गिरणीच्या उतरंडीत साचेवाल्याचे स्थान वरचे होते. त्याची मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर ठरे आणि सूतकताईच्या रिंगखात्यातील मजुरीपेक्षा ती अधिक असे. मात्र अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील कामगारांना या खात्याचे दार बंद होते. त्याचे कारण विचारले की एका यांत्रिक तपशिलाकडे बोट दाखवले जाई. तो तपशील म्हणजे धोट्याच्या बाजूला असलेले एक बारीक छिद्र.

या छिद्राचे महत्त्व समजण्यासाठी आधी मागाची रचना पाहावी लागते. मागावर उभे धागे, म्हणजे ताणा, ताणून बसवलेले असतात. त्यांतील काही धागे वर उचलले जातात, काही खाली राहतात आणि मधे एक फट तयार होते. त्या फटीतून धोटा आडवा धागा, म्हणजे बाणा, घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. मग फणी तो धागा ठोकून कापडाला भिडवते. यंत्रमागावर हे चक्र मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा घडते. धोट्याच्या पोकळीत सुताची कांडी असते आणि तिचे सूत बाजूच्या छिद्रातून बाहेर येते.

कांडी फार काळ पुरत नाही. समजा कापडाचा पन्हा एक मीटर आहे आणि धोटा मिनिटाला १८० फेऱ्या मारतो. मग मिनिटाला १८० मीटर सूत लागेल आणि ९०० मीटर सुताची कांडी पाच मिनिटांत संपेल. दोन माग सांभाळणाऱ्या कामगाराला दहा तासांच्या पाळीत सुमारे २४० वेळा कांडी बदलावी लागेल. दर वेळी नव्या कांडीचे टोक त्या छिद्रातून बाहेर काढायचे. बोटांनी ते जमत नसे, म्हणून साचेवाला छिद्राला ओठ लावून श्वास आत ओढी. तोंडातील दाब बाहेरच्या वातावरणीय दाबापेक्षा किंचित कमी झाला की पोकळीतील हवा छिद्राकडे धावे. वाहत्या हवेच्या घर्षणाने हलके सूत तिच्याबरोबर ओढले जाई आणि त्यासोबत कापसाची धूळ, खळ आणि तेलही तोंडात जाई. लँकेशायरच्या गिरण्यांत इंग्रज विणकर हेच करीत आणि या कृतीला ते धोट्याचे चुंबन म्हणत.

लँकेशायरमध्ये हा प्रश्न आरोग्याचा होता. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागल्याने रोग पसरतात, अशी तक्रार तेथे होती. तोच धोटा मुंबईत आला आणि त्याच छिद्राचा अर्थ बदलला. मागावरचा कामगार रजेवर गेला की त्याच्या जागी बदली कामगार येई आणि तोच धोटा ओठांना लावी. ज्या समाजात पाण्याचे भांडेही वेगळे ठेवले जाई, तेथे सवर्ण कामगारांनी अस्पृश्यांचे ओठ लागलेला धोटा नाकारला. परिणामी महार व इतर दलित कामगार प्रामुख्याने रिंगखात्यात आणि झाडलोटीच्या कामांत अडकून राहिले. भरती जॉबरच्या हाती होती. तो आपल्या गावची आणि नात्यातली माणसे आणी, त्यामुळे ही भिंत आणखी पक्की झाली.

१९२८ साली या भिंतीला उघड आव्हान मिळाले. २६ एप्रिल ते ६ ऑक्टोबर या काळात मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी संप केला. एका साचेवाल्याने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, ही मालकांची योजना संपाच्या प्रमुख कारणांपैकी एक होती. विणकर या लढ्याच्या अग्रभागी होते. त्याच वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या नेत्यांपुढे साचेखात्याचा प्रश्न ठेवला. कामगारांची एकजूट मागणाऱ्यांनी साचेखात्यातील प्रवेशबंदी उठवण्याची मागणीही आपली मानली पाहिजे, अन्यथा दलित कामगारांनी या संपात का राहावे, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. नेत्यांनी ती मागणी स्वीकारली, पण नाखुशीने. मागणी कागदावर आली, तरी खात्याचे दार त्यामुळे लगेच उघडले नाही.

येथे तंत्रज्ञानाच्या इतिहासातील एक गोष्ट निर्णायक ठरते. ओठ लावण्याची गरज निसर्गनियमाने लादलेली नव्हती. अमेरिकेत जेम्स नॉर्थ्रॉप यांनी विकसित केलेला स्वयंचलित माग १८९०च्या दशकातच बाजारात आला होता. त्यात माग चालू असतानाच रिकामी कांडी बाहेर पडे आणि भरलेली कांडी आत बसे. साहजिकच धागा ओवण्याचे काम धोट्याला स्वतःच करावे लागे, आणि त्यासाठी छिद्राला एक चीर देऊन सूत आपोआप सरकेल अशी रचना केली गेली. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये ओठांनी धागा ओढण्याच्या पद्धतीवर बंदी घातली. म्हणजे मुंबईचा संप सुरू झाला, तेव्हा पर्याय उपलब्ध होऊन तीन दशके उलटली होती. लँकेशायरमध्ये मात्र बंदी यायला १९५२ साल उजाडले.

धोटा बदलला असता तर अस्पृश्यता संपली असती, असा याचा अर्थ नाही. छिद्राने जात निर्माण केली नव्हती. जातीला तेथे एक सोयीचे कारण मिळाले होते. मालकांना जुना धोटा स्वस्त पडे आणि सवर्ण कामगारांना बरी मजुरी देणारे खाते आपल्याकडे राहिल्याचा लाभ होई. दोघांनाही बदलाची घाई नव्हती. एखादी अडचण तांत्रिक आहे असे सांगितले जाते, तेव्हा ती सोडवण्याचा मार्ग माहीत असूनही का वापरला जात नाही, हे विचारावे लागते.

पुढे धोट्यालाच रजा मिळाली आणि त्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. अर्धा किलोचा धोटा सेकंदाला १० मीटर वेगाने जातो, तेव्हा त्याची गतिज ऊर्जा २५ जूल असते. ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूत एवढीच ऊर्जा असते. दर फेरीला ही ऊर्जा द्यायची आणि दुसऱ्या टोकाला धोटा थांबवून ती वाया घालवायची. त्यातून वाहून न्यायचे काय, तर एका ग्रॅमच्या काही शतांश भागाइतके सूत! म्हणून १९५०च्या दशकात स्वित्झर्लंडच्या सुल्झर कंपनीने सुमारे ४० ग्रॅमचे छोटे प्रक्षेपक वापरणारे माग बाजारात आणले. त्यानंतरच्या एअरजेट मागांत वाहकच उरला नाही. दाबाखालील हवेचा झोत धागा थेट पलीकडे नेतो.

१९८२च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. आज महाराष्ट्रातील विणाई मुख्यतः भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवर चालते. तेथे जुन्या धोट्यांचा खडखडाट आणि एअरजेटचा फुत्कार दोन्ही ऐकू येतात. एअरजेटवर धाग्याला हलवणारे तत्त्व साचेवाल्याच्या ओठांनी वापरलेलेच आहे. दाबातील फरकाने हवा वाहते आणि हवा धाग्याला आपल्याबरोबर नेते. दाबातील हा फरक आता कॉम्प्रेसर निर्माण करतो. त्याला जात नाही, आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्या ओठांनाही ती कधी नव्हती.