सीमेपलीकडचे चलान : नांदेड-लातूरच्या गाडीला परराज्यात वेगाचा दंड कसा होतो?

नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादला निघालेली गाडी देगलूर सोडल्यावर थोड्याच वेळात तेलंगणात शिरते. लातूर किंवा उदगीरची गाडी बीदर, जहीराबाद या वाटेने गेली, तर एकाच प्रवासात महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणा अशा तीन राज्यांच्या हद्दीतून जाते. दवाखाना, शमशाबादचे विमानतळ, लग्नकार्य, माल पोहोचवणे अशा कारणांनी हा प्रवास नेहमीचाच आहे. वाटेत कोणी अडवत नाही, शिट्टी वाजत नाही. काही दिवसांनी मात्र मोबाइलवर चलानाचा संदेश येतो. मोबाइल क्रमांक बदललेला असेल तर तोही येत नाही आणि दंड गाडीच्या नावावर तसाच राहतो.

जुने नाते, नव्या हद्दी

नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तर तेव्हाच्या बीदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर हद्दी बदलल्या, पण हैदराबादकडची ये-जा थांबली नाही. आता अकोला, हिंगोली, नांदेड, देगलूर, संगारेड्डी असा राष्ट्रीय महामार्ग १६१ मोठ्या भागात चौपदरी झाल्याने अंतर लवकर कापले जाते. वेगाचे चलान होण्याची शक्यताही त्यामुळेच वाढली आहे.

कॅमेरा वेग कसा मोजतो?

वेग मोजण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. रडार यंत्र गाडीवर रेडिओलहरी सोडते. धावत्या गाडीवर आदळून परतणाऱ्या लहरींची वारंवारता बदललेली असते आणि त्या फरकावरून वेग काढला जातो. लेसर स्पीड गन प्रकाशाचे अनेक सूक्ष्म झोत एकामागून एक सोडते. प्रत्येक झोताला परतायला लागलेल्या वेळेवरून गाडीचे अंतर किती भरभर बदलते आहे, हे कळते. महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर वाहनात असे यंत्र असते.

तिसरी पद्धत सरासरी वेगाची. समजा, दोन कॅमेऱ्यांत १० किलोमीटरचे अंतर आहे आणि मर्यादा ताशी १०० आहे. नियमात राहून हे अंतर कापायला किमान ६ मिनिटे लागतात. गाडी ५ मिनिटांत पोहोचली, तर सरासरी वेग १२० ठरतो. अशा ठिकाणी कॅमेरा दिसताच ब्रेक दाबून उपयोग होत नाही.

मर्यादा किती?

केंद्र सरकारने एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यासाठी कारला ताशी १००, तर मोटारसायकल आणि मालवाहू वाहनाला ८० किलोमीटर अशी कमाल मर्यादा दिली. राज्यांना त्याहून कमी मर्यादा ठेवता येते. त्यामुळे गावाजवळ, वळणावर किंवा पुलावर लावलेला फलक हाच खरा आधार. हैदराबादच्या १५८ किलोमीटर लांबीच्या बाह्यवळण रस्त्यावर २०२३ मध्ये आतल्या दोन मार्गिकांची मर्यादा १२० आणि बाहेरच्या दोन मार्गिकांची ८० करण्यात आली. रस्ता एकच असला तरी मार्गिका बदलली की मर्यादा बदलते, हे नव्याने जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

नंबरप्लेटवरून मालकापर्यंत

कॅमेऱ्यातील प्रणाली नंबरप्लेट वाचते. एमएच २६ म्हणजे नांदेड, एमएच २४ म्हणजे लातूर. पूर्ण क्रमांकावरून नोंदणीच्या माहितीसाठ्यातून मालकाचे नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक मिळतो. वाहन नोंदणी ज्यात ठेवली जाते ती केंद्राची प्रणाली म्हणजे 'वाहन'. परवान्यांसाठी 'सारथी' आहे आणि ई-चलान प्रणाली या दोन्हींशी जोडलेली आहे.

कॅमेऱ्याला चालक कोण हे माहीत नसते, म्हणून चलान नोंदणीकृत मालकाच्या नावे निघते. भाचा गाडी घेऊन गेला असो वा पगारी चालक, पहिली नोटीस मालकालाच येते. चालकाची माहिती पोलिसांना देणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नुसार मालकाला बंधनकारक आहे. ट्रक किंवा ट्रॅव्हल्सच्या मालकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नोकरीतल्या चालकाला मर्यादेबाहेर गाडी पळवायला लावणाऱ्यालाही कलम १८३ मध्ये दंड आहे.

गाडी विकली पण कागदोपत्री नावावरून उतरवली नाही, तर नव्या मालकाचे चलान जुन्याच्या नावे येत राहते. गाडी राज्यातच विकली असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवावे, असे कलम ५० सांगते.

दंड कोणत्या राज्याचा?

राज्यघटनेत मोटार वाहने हा विषय समवर्ती सूचीत आहे. म्हणून कायदा केंद्राचा, पण अंमलबजावणी आणि तडजोड शुल्काचा दर राज्याचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८३ मध्ये हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये, मध्यम व जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. पुन्हा तोच गुन्हा घडला तर परवाना ताब्यात घेण्याची तरतूद आहे.

गाडी महाराष्ट्राची असली, तरी गुन्हा जिथे घडला त्या राज्याचा दर लागू होतो. सवलतीचेही तसेच. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये थकीत चलानांवर ५० टक्के सूट दिली होती. तेलंगणाने डिसेंबर २०२३ च्या अखेरीस दुचाकींना ८० आणि कारना ६० टक्के सूट जाहीर केली. अशी बातमी त्या राज्यात गाजते. सीमेअलीकडच्या मालकाला ती कळेपर्यंत मुदत संपून गेलेली असू शकते.

चलान पाहण्याची ठिकाणेही वेगळी आहेत. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचे एक संकेतस्थळ, तेलंगणा पोलिसांचे दुसरे आणि केंद्राचे 'ई-चलान परिवहन' तिसरे. एका ठिकाणी थकबाकी शून्य दिसली, म्हणजे दुसरीकडेही काही नाही असे समजू नये. गाडी दुसऱ्याच्या नावे करताना किंवा ना-हरकत प्रमाणपत्र काढताना अशी विसरलेली चलाने आडवी येतात. जुनी गाडी घेणाऱ्याने व्यवहारापूर्वीच ती तपासलेली बरी.

चलान चुकीचे असेल तर?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ आला. त्यानुसार वेग मोजणाऱ्या यंत्राला मान्यता प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवे. कॅमेऱ्याची निगराणी असल्याचा फलक लावायला हवा. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवायला हवी. चलानात नंबरप्लेट दाखवणारे स्पष्ट छायाचित्र, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेले कलम असायला हवे.

म्हणून पैसे भरण्याआधी छायाचित्र उघडून पाहावे. गाडीचा प्रकार, रंग आणि क्रमांकाचे सर्व अंक जुळतात का? कार नांदेडच्या घरासमोर उभी असताना हैदराबादच्या चलानात भलतीच गाडी दिसत असेल, तर अंक चुकीचा वाचला गेला आहे किंवा कोणी बनावट नंबरप्लेट लावली आहे. पहिल्या प्रकारात त्या राज्याच्या पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार करावी. दुसऱ्या प्रकारात त्यासोबत स्थानिक पोलिसांकडेही तक्रार नोंदवावी.

खरी अडचण पुढे येते. गुन्ह्याची सुनावणी सामान्यतः तो घडला त्या हद्दीतील न्यायालयात होते. संगारेड्डीत झालेले चलान नांदेडच्या लोकअदालतीत मिटत नाही. हजार रुपयांच्या दंडासाठी वकील लावून दोन-तीन खेपा घालणे परवडत नाही, म्हणून चूक नसतानाही लोक पैसे भरून मोकळे होतात. आभासी न्यायालये हा यावरचा एक उपाय आहे. दिल्लीत जुलै २०१९ मध्ये असे पहिले न्यायालय सुरू झाले. प्रकरण तिथे पाठवले गेले असेल, तर ते घरबसल्या पाहता येते आणि दंड भरता येतो. दंड अमान्य केला, तर प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जाते आणि खेपांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

परदेशात काय होते?

युरोपीय संघाने हाच प्रश्न देशांच्या पातळीवर हाताळला आहे. २०१५ च्या निर्देशानुसार सदस्य देश वेगमर्यादेसह आठ प्रकारच्या गुन्ह्यांसाठी एकमेकांना वाहनमालकाची माहिती देतात. नोटीस वाहनाच्या नोंदणीपत्राच्या भाषेत किंवा नोंदणी झालेल्या देशाच्या राजभाषेत पाठवावी लागते. म्हणजे फ्रान्समध्ये वेग ओलांडलेल्या जर्मन माणसाला जर्मन भाषेत कळवले जाते. तिथे भाड्याने कार घेणाऱ्या भारतीय पर्यटकाची माहिती भाडेकंपनी पोलिसांना देते आणि त्याबद्दल स्वतःचे वेगळे शुल्कही घेते. दंडाची नोटीस त्यानंतर निराळी येते.

खोट्या संदेशांपासून सावध

चलानाच्या नावाने व्हॉट्सॲपवर 'एपीके' फाइल किंवा अनोळखी लिंक पाठवून बँक खाते रिकामे करण्याचे प्रकार होतात. संदेशातल्या लिंकवर न जाता सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडून गाडीचा क्रमांक टाकावा. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' असते. नोंदणीतला मोबाइल क्रमांक चालू ठेवणे आणि परराज्यातून परतल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्या राज्याचे संकेतस्थळ एकदा पाहणे, एवढ्याने बहुतेक चलाने वेळेत कळतात. चूक दाखवून द्यायची असेल, तर त्यासाठी हाती वेळही राहतो.