धरणाने उठवलेले आपले धम्मबांधव

उपासक-उपासिकांनो,

कोयनेचे धरणग्रस्त आपल्याला ठाऊक आहेत. पण धरणात घरदार गेले आणि त्यापायी देशही सुटला, असे आपले धम्मबांधव ईशान्य भारतात आहेत, हे आपल्या वस्तीत थोड्यांनाच माहीत असेल. म्हणून चकमा समाजाची हकिगत येथे देत आहोत.

चकमा हे चितगावच्या डोंगरी मुलखातले पिढीजात बौद्ध. तिथली बहुसंख्य वस्ती मुसलमानेतर असूनही १९४७ च्या फाळणीत तो मुलूख पाकिस्तानात गेला. पुढे कर्णफुली नदीवर कप्ताई धरण झाले. १९६० च्या दशकाच्या आरंभी पाणी चढले आणि सुमारे ५४ हजार एकर पिकाऊ जमीन बुडाली. म्हणजे तिथली जवळजवळ ४० टक्के शेती गेली! लाखभर माणसे उठली. त्यातली हजारो सरहद्द ओलांडून भारतात आली.

१९६४ ते १९६९ या काळात केंद्र सरकारने सुमारे १५ हजार चकमा व हाजोंग निर्वासितांना नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवले. जंगल साफ करून त्यांनी भातशेती उभी केली. बायाबापड्यांनी घरचा माग सोडला नाही. २०११ च्या जनगणनेत तिथे सुमारे ४७ हजार चकमा होते. त्यातले बहुतेक भारतातच जन्मलेले.

तरी हक्क मिळाले नाहीत. नोकरी, रेशनकार्ड, मतदान, सगळीकडे आडकाठी. स्थानिक आदिवासींना आपली जमीन जाईल ही भीती वाटते, तीही खोटी म्हणता येत नाही. पण १९९० च्या दशकात 'चालते व्हा' अशा धमक्या आल्या, तेव्हा हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने बजावले, की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण राज्याने केलेच पाहिजे. २०१५ साली नागरिकत्व देण्याचाही आदेश झाला, पण प्रश्न पुरता मिटलेला नाही.

हा आधार आला कुठून? बाबासाहेबांच्या संविधानातून. अनुच्छेद २१ मध्ये शब्द 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' आहे. त्या एका शब्दाने हजारो बेघरांना तगवले.

आपल्या मुलांना नकाशात चकमांचा मुलूख दाखवा. संविधान वाचताना हा शब्दही दाखवा, एवढीच विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!