गुन्हा कबूल, पण शिक्षा किती?

मंडळी, महाडकरांना अपील म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. चवदार तळ्याचा दावा डिसेंबर १९२७ मध्ये इथल्या कोर्टात दाखल झाला आणि मुंबई हायकोर्टात संपला तो १७ मार्च १९३७ रोजी. पण तो दिवाणी दावा होता. आज फौजदारी बाजू बघू. आरोपी खालच्या कोर्टात म्हणाला, "साहेब, गुन्हा कबूल," तर वरच्या कोर्टात त्याच्या हाती काय उरतं? आणि त्याला खरोखर पश्चात्ताप झाला आहे का, याला किंमत किती?

१८ मार्च १९२२ चं अहमदाबाद घ्या. तेव्हा ते मुंबई इलाख्यातच होतं. राजद्रोहाच्या खटल्यात गांधीजींनी गुन्हा कबूल केला, पण पश्चात्तापाचा शब्द नाही. उलट, जास्तीत जास्त शिक्षा द्या, असं ते म्हणाले. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या खटल्याचा दाखला देत सहा वर्षांची कैद दिली. टिळकांनी १९०८ मध्ये गुन्हा नाकारला होता, ज्यूरीपुढे कित्येक दिवस बाजू मांडली होती. नाकारणाऱ्याला सहा वर्षं, कबूल करणाऱ्यालाही सहा! गांधीजींनी अपील केलं नाही.

आता कायदा बघा. कबुलीवरून शिक्षा झाली, तर 'मी दोषी नाही' असं म्हणत अपील करता येत नाही. मॅजिस्ट्रेट किंवा सेशन्स कोर्टाचा निकाल असेल, तर एवढंच म्हणता येतं की शिक्षा जास्त आहे किंवा कायद्याला धरून नाही. जुन्या फौजदारी संहितेत हे कलम ३७५ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते ४१६ झालं.

मग कबुलीचा सौदा झाला तर? १९७६ मध्ये महाराष्ट्रातलंच अन्नभेसळीचं एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा पडद्याआडच्या तडजोडीवर कडक कोरडे ओढले. कायद्याने ठरवलेली किमान शिक्षा त्यातून चुकवली जाते, असं त्यांचं म्हणणं. कर्नाटकातल्या एका खटल्यात दुसरी बाजू दिसली. आरोपीने हलक्या शिक्षेच्या भरवशावर कबुली दिली आणि अपिलात हायकोर्टाने शिक्षा वाढवली. सुप्रीम कोर्ट म्हणालं, हा घटनेच्या कलम २१ चा भंग आहे. खटला पुन्हा चालवा. जुलै २००६ पासून असा सौदा लेखी आणि कोर्टासमोर करायची सोय झाली, पण सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठीच. स्त्रियांवरचे आणि लहान मुलांवरचे गुन्हे त्यातून वगळले.

आणि पश्चात्ताप? कसाबने २० जुलै २००९ रोजी भर कोर्टात कबुली दिली. न्यायाधीश टहलियानी यांनी ती नोंदवली, पण तिच्यावर खटला गुंडाळला नाही. पुरावा पुढे चालूच ठेवला. २९ ऑगस्ट २०१२ ला सुप्रीम कोर्टाने फाशी कायम केली. मॅजिस्ट्रेटपुढच्या त्याच्या आधीच्या जबाबाबद्दल कोर्टाने म्हटलं, की तो पश्चात्तापातून आलेला नव्हता. त्यात केल्या कृत्याचा अभिमान होता.

यावरून एक गोष्ट पक्की धरा. कबुली कागदावर येते, पश्चात्ताप वागण्यातून दिसावा लागतो. कोर्ट दोन्ही वेगवेगळं तोलतं.

हे आपल्याला का माहीत हवं? पोलादपूरच्या एखाद्या वाडीतला पोरगा पहिल्यांदा कोर्टात उभा राहतो. बाहेर कुणीतरी सांगतं, "कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो." तो मोकळा होतोही, पण दोषी हा शिक्का घेऊन. नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो शिक्का पुढे येतो, तेव्हा 'मी ते केलंच नव्हतं' असं म्हणायला अपिलाचा दरवाजा बंद झालेला असतो. गुन्हा केला असेल तर कबुली द्यावी, त्यात कमीपणा नाही. पण आधी वकिलाला विचारा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. फुकट वकील मागायचा हक्क कायद्याने दिलेला आहे.